ट्रेडिंग खातं मायनसमध्ये गेलं की ब्रोकर काय करतो, आणि आपण काय करायचं

ब्रोकरकडच्या आपल्या खातेवहीच्या, म्हणजे लेजरच्या, शेवटच्या रकान्यात १,६०,००० पुढे ‘डीआर’ (डेबिट) अशी दोन अक्षरं दिसली की समजायचं, एवढे पैसे ब्रोकरला आपल्याकडून येणं आहेत. ॲपमध्ये हाच आकडा लाल रंगात, उणे चिन्हासह दिसतो. बचत खातं शून्याच्या खाली जात नाही, मग ट्रेडिंग खातं कसं जातं? कारण एक्स्चेंज तुम्हाला ओळखत नाही, ब्रोकरला ओळखतं. तुम्ही सौदा केला की पे-इनच्या (एक्स्चेंजला पैसे भरण्याच्या) दिवशी ब्रोकरच्या खात्यातून पैसे जातातच, तुम्ही भरलेले असोत वा नसोत.

हे पैसे ब्रोकर दुसऱ्या ग्राहकाच्या क्रेडिटमधून वळते करू शकत नाही. सेबीने त्याला मनाई केलेली आहे आणि ग्राहकांच्या पैशाचा हिशेब एक्स्चेंज तपासतं. म्हणजे तुमचं डेबिट ब्रोकरने स्वतःच्या गाठीच्या पैशातून भरलेलं असतं. त्यातच तीन महिन्यांहून जुनी येणी ब्रोकरच्या नेटवर्थमधून वजा धरली जातात, आणि नेटवर्थ कमी पडली तर परवान्यावर गदा येते. आरएमएस (जोखीम सांभाळणाऱ्या) डेस्कवरचा माणूस दुसऱ्या दिवसापासून फोन का करतो, ते यावरून कळावं. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या तुमच्या एपीचा (ब्रोकरच्या स्थानिक एजंटचा, म्हणजे ऑथराइज्ड पर्सनचा) फोन त्याच्याही आधी येतो. ग्राहकाने बुडवलेली रक्कम बऱ्याच ब्रोकरांकडे एपीच्या कमिशनमधून कापली जाते. (सबब्रोकर हा प्रकार ३१ मार्च २०१९ ला संपला, आता सगळे ऑथराइज्ड पर्सन. गोव्यात तोंडी मात्र अजून सबब्रोकरच म्हणतात.)

आधी मायनस कुठून आलं ते शोधा

ॲपमधलं ‘अव्हेलेबल मार्जिन’ बघून काही कळत नाही. बॅक ऑफिसमध्ये लॉगिन करून लेजर काढा, सगळे सेगमेंट एकत्र आणि एमटीएफचं (ब्रोकरच्या कर्जावर घेतलेल्या शेअर्सचं) लेजर वेगळं. खालून वर वाचत जा आणि शिल्लक पहिल्यांदा कोणत्या तारखेला शून्याखाली गेली ती ओळ शोधा. त्या तारखेचा कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांची पावती, उघडा. तळाशी निव्वळ देणं-घेणं दिलेलं असतं. तो आकडा लेजरच्या ओळीशी जुळला तर मायनस सौद्याचं आहे. जुळला नाही तर ते शुल्क, दंड, व्याज किंवा ऑक्शनचं आहे.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या. काल शेअर विकले असतील तर त्याचे पैसे टी प्लस वनला (सौद्याच्या दुसऱ्या दिवशी), म्हणजे आज येतात. आजचं मायनस निव्वळ वेळेच्या फरकाचं असू शकतं. बहुतेक बॅक ऑफिसमध्ये बिलाच्या तारखेची शिल्लक आणि सेटलमेंट झालेली खरी शिल्लक, अशा दोन शिलका दिसतात. आरएमएस दुसरी बघतं. तुम्हीही तीच बघा.

मायनस कशाचं यावर पुढची सगळी वागणूक ठरते. डिलिव्हरीचे पैसे भरले नसतील तर ब्रोकरच्या हातात तारण आहे, ते म्हणजे तेच शेअर. फ्युचर्स-ऑप्शन्समधल्या तोट्याचं मायनस असेल तर हातात काही नाही, म्हणून तिथे तो थांबत नाही. आणि वार्षिक शुल्काचं चौदाशे रुपयांचं मायनस असेल तर तो फारसं काहीच करत नाही, फक्त व्याज लावत बसतो.

सर्वांत जास्त घोळ होतो तो प्लेज केलेल्या शेअर्सबद्दल. डिमॅटमधले तीन लाखांचे शेअर मार्जिनसाठी (सौद्याच्या अनामतीसाठी) प्लेज केले, म्हणजे तारण ठेवले, हेअरकट (किमतीतली कपात) जाऊन सव्वादोन लाखांची लिमिट मिळाली, तर लोक धरून चालतात की दीड लाखाचं डेबिट त्यात ‘बसलं’. बसत नाही. प्लेजमुळे सौदा करायला मार्जिन मिळतं, पैसे मिळत नाहीत. डेबिट लेजरमध्ये तसंच राहतं, त्यावर व्याज चालू राहतं, आणि दिवस मोजले जातात ते डेबिटचे.

डिलिव्हरीचे पैसे थकले तर: दिवस कसे मोजतात

अनेक डिस्काउंट ब्रोकर डिलिव्हरीसाठी पूर्ण पैसे आधीच मागतात, त्यामुळे तिथे हा प्रसंग येत नाही. एपीमार्फत किंवा डीलरला फोन करून सौदे करणाऱ्यांकडे मात्र येतो, कारण तिथे किमान मार्जिन घेऊन ऑर्डर टाकली जाते आणि बाकीचे पैसे ‘उद्या भरतो’ म्हणून सांगितलेलं असतं.

समजा सोमवारी दोन लाखांचे शेअर घेतले. खात्यात चाळीस हजार होते, म्हणजे वीस टक्के मार्जिन झालं. मंगळवारी पे-इन. ब्रोकरने दोन लाख भरले, तुमच्या लेजरला १,६०,००० डेबिट आलं. त्याच दिवशी पे-आउट होऊन शेअर थेट तुमच्या डिमॅट खात्यात आले. पूर्वी ते ब्रोकरच्या पूलमध्ये आधी जात, आता थेट ग्राहकाच्या डिमॅटमध्ये जातात. पण ते मोकळे नसतात. पैसे न भरलेल्या शेअर्सवर ब्रोकरच्या बाजूने आपोआप प्लेज बसतो. ब्रोकरच्या ज्या खात्याच्या नावे हा प्लेज बसतो त्याला क्युस्पा म्हणतात आणि ही पद्धत २०२३ पासून चालू आहे. यासाठी तुमचा ओटीपी लागत नाही, डीडीपीआय, म्हणजे ब्रोकरला दिलेलं डिमॅटचं अधिकारपत्र, तेही लागत नाही. डिमॅट स्टेटमेंटमध्ये शेअर दिसतात, विकायला गेलात तर मात्र ब्रोकरमार्फतच विकता येतात. दुसरीकडे हलवता येत नाहीत.

आता मोजणी. पे-आउट मंगळवारी. बुधवार पहिला, गुरुवार दुसरा, शुक्रवार तिसरा, पुढचा सोमवार चौथा, मंगळवार पाचवा. पैसे आले नाहीत तर या पाच ट्रेडिंग दिवसांच्या आत ब्रोकरने ते शेअर बाजारात विकायचे, असा सेबीचा नियम आहे. ‘विकू शकतो’ असं त्यात नाही, विकायचेच आहेत. डीलरच्या बोलण्यात याला ‘टी प्लस फाईव्ह’ किंवा ‘एजिंगची विक्री’ म्हणतात. विकण्याच्या एक ट्रेडिंग दिवस आधी ईमेल किंवा एसएमएसने कळवणं बंधनकारक आहे. म्हणजे मंगळवारी विक्री असेल तर सोमवारी संदेश यायला हवा. ब्रोकरने पाचवा दिवस गाठायलाच हवा असं नाही, कळवून तिसऱ्या दिवशीही विकू शकतो. बाजार पडत असेल तर विकतोच.

विक्री तुमच्याच क्लायंट कोडवर होते. नफा तुमचा, तोटाही तुमचा, आणि कॉन्ट्रॅक्ट नोटही तुमच्याच नावाने येतो. प्राप्तिकराच्या दृष्टीनेही ती तुम्हीच केलेली विक्री. त्यामुळे तोटा झाला असेल तर विवरणपत्र मुदतीत भरून तो पुढे ओढायचा, आठ वर्षं वापरता येतो.

आणखी एक दिवस लक्षात ठेवा, सातवा. पे-आउटनंतर सात ट्रेडिंग दिवसांत ब्रोकरने प्लेज वापरलाही नाही आणि सोडलाही नाही, तर तो आपोआप सुटतो आणि शेअर मोकळे होतात. आपल्या उदाहरणात गुरुवारी. यात कुणी पळवाट शोधू नये. शेअर सुटले तरी डेबिट सुटत नाही, आणि पे-इनपासून पाच ट्रेडिंग दिवसांनंतरही डेबिट राहिलं तर ब्रोकर नवीन एक्स्पोजर देऊच शकत नाही. खातं फक्त विक्रीपुरतं उरतं.

आता गोव्यातल्या माणसासाठी खास. हे सगळे दिवस मुंबईच्या बाजाराच्या सुट्ट्यांप्रमाणे मोजायचे, पणजीच्या बँकेच्या सुट्ट्यांप्रमाणे नाही. ३ डिसेंबरला जुन्या गोव्याच्या फेस्ताची सुट्टी, १९ डिसेंबरला मुक्तिदिन, आणि चवथीचा दुसरा दिवस, या तिन्ही दिवशी आपल्याकडे बँका बंद असतात आणि शेअर बाजार मात्र चालू असतो (शनिवार-रविवार आला तर गोष्ट वेगळी). चवथीला माणसं गावच्या घरी, माटोळीखाली. बँक बंद, डोंगराआड मोबाइलला रेंज नाही, आणि एजिंगचा चौथा दिवस तेवढ्यात येऊन जातो. अशा वेळी चेकच्या नादी लागू नका. एनईएफटी आणि आरटीजीएस चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालतात.

बोटीवर कामाला गेलेल्या तारवटींचं असंच. संदेश नोंदवलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर गेला की ब्रोकरच्या दृष्टीने कळवणं झालं, तुम्ही तो सिंगापूरला उतरल्यावर वाचलात तरी. जाण्यापूर्वी उघडी पोझिशन ठेवू नका, आणि नोंदवलेला ईमेल असा ठेवा जो जहाजावरही उघडतो. बायकोचा मोबाइल नंबर नोंदवायचा असेल तर कुटुंबातल्या व्यक्तीचा नंबर म्हणून लेखी घोषणा देऊन तो रीतसर नोंदवता येतो.

आकड्यांत पाहू

उशिराच्या पैशावर व्याज किती, ते सेबी ठरवत नाही, ब्रोकरच्या धोरणात असतं. खातं उघडताना सही केलेल्या ‘पॉलिसीज अँड प्रोसिजर्स’ या कागदात ते लिहिलेलं असतं आणि शेअर कधी विकणार तेही तिथेच असतं. बाजारात सर्रास दिसणारा दर दिवसाला ०.०५ टक्के, म्हणजे वर्षाला सव्वाअठरा टक्के. व्याज शनिवार-रविवार धरून लागतं.

वरचंच उदाहरण. १,६०,००० वर दिवसाला ८० रुपये. मंगळवारी डेबिट आलं, पुढच्या मंगळवारी विक्री झाली, विक्रीचे पैसे बुधवारी जमा झाले. आठ दिवसांचे ६४० रुपये. दरम्यान शेअर पंधरा टक्के पडला, विक्री १,७०,००० ला झाली. त्यातून १,६०,००० वळते झाले. उरले दहा हजार. विक्रीवरचा एसटीटी (सौद्यावरचा सरकारी कर) ०.१ टक्के म्हणजे १७० रुपये, ब्रोकरेज ०.३ टक्के धरलं तर ५१० रुपये, आणि व्याज. हाती येतात ८,६८०, त्यातून जीएसटी आणि डीपी शुल्क आणखी जातं. चाळीस हजारांचे साडेआठ हजार झाले.

शेअर पंचवीस टक्के पडला असता तर विक्री दीड लाखाला. दहा हजार तिथेच कमी पडले, त्यावर एसटीटी १५०, ब्रोकरेज ४५०, व्याज ६४०. लेजरमध्ये ११,२४० डेबिट उरलं आणि आता समोर तारणही नाही. वसुलीचा खरा तगादा लागतो तो या उरलेल्या रकमेसाठी, दीड लाखासाठी नव्हे.

म्हणून पैसे जमत नाहीत हे दुसऱ्या दिवशीच स्पष्ट असेल तर पाचव्या दिवसाची वाट पाहू नका. स्वतः विका. भाव तुमच्या हातात राहतो, लिमिट ऑर्डर टाकता येते. आरएमएसची विक्री बहुधा मार्केट ऑर्डरने होते, आणि ज्या शेअरमध्ये दिवसाला जेमतेम काही हजारांची उलाढाल आहे तिथे मार्केट ऑर्डर म्हणजे भावाची वाट लावणं. अर्धे पैसे जमत असतील तर तेवढे भरून त्या प्रमाणात शेअर सोडायला आणि बाकीचे विकायला नोंदवलेल्या ईमेलवरून लिहा. फोनवर सांगितलेलं आरएमएसपर्यंत पोचतंच असं नाही.

फ्युचर्स, ऑप्शन्स आणि ऑक्शन

इथे पाच दिवस वगैरे काही नाही. फ्युचर्समधला दिवसाचा तोटा दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार उघडण्यापूर्वी रोख भरायचा. मार्जिन कमी पडलं की संदेश येतो, आणि धोरणात दिलेल्या टक्क्यापर्यंत तोटा पोचला की स्क्वेअर ऑफ, म्हणजे ब्रोकरच पोझिशन बंद करतो. ‘एक तास थांबा, पैसे टाकतो’ याला आरएमएसकडे उत्तर नसतं. तासाभरात पोझिशन आणखी दोन टक्के गेली तर ते पैसे कुणी भरायचे?

मार्जिनच्या तुटीवर एक्स्चेंजचा दंड वेगळा असतो. तूट एक लाखापेक्षा कमी आणि लागू मार्जिनच्या दहा टक्क्यांपेक्षाही कमी असेल तर दिवसाला ०.५ टक्के, त्याहून जास्त असेल तर एक टक्का. सलग तीन दिवसांहून जास्त राहिली तर पाच टक्के. अपफ्रंट (सौद्याआधी घ्यायच्या) मार्जिनच्या तुटीचा दंड ब्रोकरने ग्राहकावर टाकायचा नसतो, चेक न वटल्यासारखे अपवाद सोडले तर. लेजरमध्ये ‘मार्जिन पेनल्टी’ अशी ओळ दिसली तर ती कशाची, हे लेखी विचारून घ्या. एमटीएमच्या (फ्युचर्समधल्या रोजच्या तोट्याच्या) तुटीची असेल तर ती तुमची.

ऑप्शन घेणाऱ्याचा तोटा प्रीमियमपुरताच असतो हे पुस्तकी वाक्य शेअर ऑप्शन्समध्ये एक्स्पायरीच्या (करार संपण्याच्या) आठवड्यात फसवतं. शेअरवरचे सगळे डेरिव्हेटिव्ह ऑक्टोबर २०१९ पासून प्रत्यक्ष डिलिव्हरीने सुटतात. ५०० चा कॉल (५०० ला शेअर घेण्याचा हक्क), हजार शेअरचा लॉट, प्रीमियम दिलं सहा हजार. एक्स्पायरीला भाव ५०३. खूश होऊन बसलात तर हजार शेअरची डिलिव्हरी अंगावर येते आणि पाच लाखांचं देणं लेजरला लागतं. म्हणून एक्स्पायरीच्या चार दिवस आधीपासून अशा ऑप्शनवर पायरीपायरीने मार्जिन वाढतं. ते कमी पडलं तर ब्रोकर पोझिशन काढून टाकतो आणि ते आपल्या भल्याचंच असतं. घेणाऱ्याने एक्स्पायरीच्या दोन दिवस आधी बाहेर पडावं. शेवटच्या दुपारी अशा ऑप्शनला गिऱ्हाईक मिळणं कठीण.

ऑक्शनचं मायनस लोकांना सर्वांत अनपेक्षित असतं. काल घेतलेले शेअर आज विकले, पण ज्याच्याकडून घेतले त्यानेच दिले नाहीत, तर तुमच्याकडूनही दिले गेले नाहीत असं होतं. एक्स्चेंज ऑक्शनमध्ये ते शेअर घेऊन तुमच्या गिऱ्हाइकाला देतं आणि फरक तुमच्या माथी मारतं. ऑक्शनमध्येही शेअर मिळाले नाहीत तर क्लोज-आउट, म्हणजे पैशांत निकाल. सौद्याच्या दिवसापासून ऑक्शनच्या दिवसापर्यंतचा सर्वोच्च भाव किंवा ऑक्शनच्या दिवशीच्या बंद भावावर वीस टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. १०० शेअर ३०० ने विकले, ऑक्शनच्या दिवशी बंद भाव ३२०, त्यावर वीस टक्के म्हणजे ३८४. शेअरमागे ८४, एकूण ८,४०० डेबिट. मूळ शेअर मागाहून ऑक्शनमधून तुमच्याकडे आले किंवा त्याचं क्लोज-आउट क्रेडिट मिळालं, तर ते लेजरमध्ये लागलं का, तेही बघा. ही ओळ राहून जाण्याचे प्रकार होतात.

पैसे भरताना

खात्यावर नोंदवलेल्या तुमच्याच बँक खात्यातून भरा. हा नियम कडक आहे. भावाच्या किंवा बायकोच्या खात्यातून आलेले पैसे परत पाठवले जातात, त्यात दोन-तीन दिवस मोडतात, आणि तोवर शेअर विकले गेलेले असतात. घरातल्या दुसऱ्या माणसाचं त्याच ब्रोकरकडे क्रेडिट असेल तरी ते तुमच्या डेबिटला वळतं करता येत नाही. त्यांनी ते पैसे आपल्या बँकेत काढायचे, तुमच्या बँकेत पाठवायचे, तिथून तुम्ही भरायचे. वळसा मोठा आहे, पण वाट तीच. काढलेले पैसे बँकेत यायला एखादा दिवस जातो, तो धरून चाला.

गोव्यात नागरी सहकारी बँकेत खातं असणारे बरेच आहेत. तुमची बँक ब्रोकरच्या पेमेंट गेटवेच्या यादीत नसेल तर ॲपमधलं नेटबँकिंग चालत नाही. तेव्हा यूपीआय वापरा, किंवा ब्रोकरने दिलेल्या क्लायंट कोडनिहाय खाते क्रमांकावर एनईएफटी करा. रक्कम दोन लाखांहून मोठी असेल तर आरटीजीएस. यूटीआर (बँकेतल्या व्यवहाराचा) क्रमांक लगेच आरएमएसच्या ईमेलवर पाठवा, तुमचा क्लायंट कोड विषयाच्या ओळीत घालून. दुसरं बँक खातं नोंदवायचं असेल तर ते डेबिट आलेल्या दिवशी करायला जाऊ नका, पडताळणीत वेळ जातो.

एपीच्या हातात रोख देऊ नका. त्याच्या वैयक्तिक यूपीआयवरही टाकू नका. एपीला स्वतःच्या नावावर ग्राहकाचे पैसे किंवा शेअर घ्यायला बंदी आहे. त्याने ते प्रामाणिकपणे पुढे पाठवले तरी ते तुमच्या नावाचे धरले जात नाहीत, आणि नाही पाठवले तर तुमच्याकडे पावती नसते.

चेक दिलाच आणि तो परत गेला, तर प्रकरण साध्या उधारीचं राहत नाही. बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत ब्रोकर नोटीस पाठवू शकतो, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तर कलम १३८ खाली फौजदारी तक्रार. खात्यात पैसे नसताना ‘वेळ काढायला’ चेक देण्यासारखी महाग चूक नाही.

सगळं विकूनही बाकी उरली तर

क्रम साधारण असा चालतो. पहिल्या दिवसापासून एसएमएस आणि ईमेल. आठवडाभरात क्युस्पातले शेअर संपलेले असतात. मग मार्जिनसाठी तुम्ही प्लेज केलेले शेअर, जे ब्रोकर प्लेज वापरून विकतो. डिमॅटमधले मोकळे शेअर ही वेगळी गोष्ट. डीडीपीआय दिलेला असला तरी तो तुम्ही केलेल्या सौद्यांची डिलिव्हरी देणं, मार्जिनचा प्लेज करणं अशा ठरावीक कामांपुरता असतो. मोकळे शेअर विकले गेले असतील तर कोणत्या अधिकाराखाली, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

त्यानंतर लेजरच्या प्रतीसह मागणीपत्र, मग वकिलाची नोटीस. इथे गप्प बसणं सर्वांत वाईट. रक्कम मान्य असेल तर हप्ते मागा, आणि व्याज त्या तारखेपासून थांबवायला सांगा. वसुली विभागाला हे ऐकायची सवय असते, कारण अकरा हजारांसाठी लवाद चालवणं त्यांनाही परवडत नाही. तडजोड झाली तर ‘पूर्ण व अंतिम’ असं लिहिलेलं पत्र घ्या आणि शून्य शिल्लक दाखवणारं लेजर घ्या. बुडीत येणं ब्रोकरला करातून वजा मिळतं, मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ साली तसा निकाल दिलेला आहे. (गोवाही त्याच न्यायालयाखाली येतो, खंडपीठ पर्वरीला.) त्यामुळे जुन्या लहान रकमांवर सूट द्यायला ब्रोकर अगदीच नाखूश नसतो. मात्र त्याने वहीत बुडीत दाखवलं म्हणजे तुमचं देणं संपलं असा अर्थ नाही.

मोठी रक्कम असेल तर ब्रोकर स्मार्ट ओडीआर या ऑनलाइन व्यवस्थेत तुमच्याविरुद्ध वाद दाखल करतो. आधी समेटाचा प्रयत्न, त्याला एकवीस दिवस. तो फसला की लवाद, तोही ऑनलाइन, मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत. सुनावणीला हजर राहिला नाहीत तर एकतर्फी निवाडा होतो. निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने मिळतात, नंतर तो दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो. मालमत्ता गोव्यात असेल तर अंमलबजावणीचा अर्ज थेट गोव्यातल्या कोर्टात करता येतो. इथे विवाहपूर्व करार नसेल तर नागरी कायद्याने पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे एकाच्या ट्रेडिंगच्या देण्यासाठी घराच्या कोणत्या हिश्शावर हात घालता येईल हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. तो गोव्याच्याच वकिलाला विचारा.

ब्रोकर चुकला असेल तर

चार गोष्टी तपासा. विक्रीच्या एक ट्रेडिंग दिवस आधी संदेश आला होता का? दिवसांची मोजणी बरोबर आहे का? यूटीआरच्या वेळेनुसार पैसे विक्रीच्या आधी पोचले होते का? देणं होतं त्याच्या मानाने किती विकलं? कॉन्ट्रॅक्ट नोटवर सौद्याची वेळ सेकंदापर्यंत असते, ती यूटीआरच्या वेळेशेजारी मांडली की अर्धा वाद तिथेच संपतो.

तक्रार आधी ब्रोकरच्या ग्रिव्हन्स ईमेलवर, तो कॉन्ट्रॅक्ट नोटवर छापलेला असतो. समाधान झालं नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर, घटनेपासून एक वर्षाच्या आत. एकवीस दिवसांत उत्तर यायला हवं, ते पटलं नाही तर पंधरा दिवसांत पुनर्विचार मागता येतो. तिथेही अडलं तर स्मार्ट ओडीआर तुम्हालाही खुलं आहे. तक्रारीत ‘फसवणूक’ असे शब्द टाकण्यापेक्षा तारीख, वेळ, संख्या, भाव असा चार ओळींचा तक्ता जोडा.

चौदाशे रुपयांचं मायनस

लॉकडाऊनमध्ये उघडून विसरलेली खाती. वर्षाला ४०० रुपये डिमॅट शुल्क, तीन वर्षांचे १,२००, जीएसटी धरून १,४१६, वर व्याज. यासाठी कुणी कोर्टात जात नाही, पण खातं बंद करता येत नाही, आणि त्याच डिमॅटमध्ये आयपीओ लागला तर ते शेअर विकल्यावर आधी ही बाकी कापली जाते. बाकी भरा. होल्डिंग चार लाखांपर्यंत असेल आणि तुमच्या नावावर एकच डिमॅट असेल तर ते बीएसडीए (लहान गुंतवणूकदारांसाठीचं मूलभूत डिमॅट) करून घ्या, वार्षिक शुल्क शून्य होतं. चार ते दहा लाखांपर्यंत शंभर रुपये. खातं नकोच असेल तर शिल्लक शेअर दुसऱ्या डिमॅटला हलवा, ट्रेडिंग आणि डिमॅट दोन्ही बंद करण्याचा अर्ज एकाच वेळी द्या, आणि बंद झाल्याचा ईमेल येईपर्यंत लेजर उघडून बघत राहा. अर्जाच्या मधल्या दिवसांत शुल्काची एखादी ओळ पडते आणि अठरा रुपयांसाठी अर्ज परत येतो.